सहा फुटांची तूट

"विदर्भात गुप्तहेर पुष्कळ असतील, पण नजर एकालाच मिळाली आहे." हे उद्गार किसनराव झाडे यांच्याविषयी कोणी काढले, असे कोणी विचारलेच तर उत्तर सोपे आहे. किसनराव झाडे यांनीच. त्यांनी छापून घेतलेल्या पत्रकात पुढे असेही म्हटले होते की त्यांना माणसाच्या चालण्यावरून त्याचे गाव कळते, चहा पिण्यावरून धंदा कळतो आणि गप्प बसण्यावरून गुन्हा कळतो. पत्रकाच्या पाचशे प्रती वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेत वाटल्या गेल्या. त्यांतल्या बऱ्याचशा पोहेवाल्याने पोहे बांधायला घेतल्या, त्यामुळे किसनरावांची कीर्ती तर्रीसकट पार केळझरपर्यंत पोचली.

गुप्तहेर होण्याआधी किसनराव एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. आयुष्यभर त्यांनी कापूस मोजला आणि कधी काटा मारला नाही, ना शेतकऱ्याचा ना मालकाचा. याचा त्यांना योग्य तो अभिमान होता. निवृत्त झाल्यावर मात्र इतकी मोठी बुद्धी रिकामी ठेवणे त्यांना समाजाच्या दृष्टीने बरे वाटेना. त्यांनी घराच्या रस्त्याकडच्या टिनाच्या खोलीला शटर बसवले आणि वर पाटी लावली : 'वेध गुप्तहेर संस्था. हरवलेले सर्व मिळेल.'

पहिली केस जिजाबाईंच्या बकरीची. किसनरावांनी चार दिवस उन्हातान्हात तिचा माग काढला. बकरी पहिल्याच संध्याकाळी आपल्या पायांनी घरी आली होती, पण हे कळवायला जिजाबाईंकडे त्यांचा नंबर नव्हता. किसनरावांनी ती केस सुटलेल्या केसेसमध्ये धरली. बकरी मिळाली होती की नाही, एवढेच त्यांनी पाहिले.

त्यांचे सहायक होते शेजारचे प्रेमदास थूल, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. किसनराव बोलत असताना दर दोन वाक्यांनी "मंग?" म्हणणे हे त्यांचे मुख्य काम होते आणि ते ते मन लावून करत.

आता या थोर संस्थेवर जो प्रसंग गुदरला तो असा. आदल्या वर्षी राज्याच्या अर्थसंकल्पात अभ्यासिका बांधण्यासाठी तरतूद झाली. जिल्ह्याची यादी आली, तिच्यात किसनराव राहत त्या लेआउटचे, म्हणजे प्लॉटच्या वसाहतीचे, नाव निघाले. लेआउटमधल्या मोकळ्या जागेवर वीस लाखांची अभ्यासिका! लोकांनी फटाके फोडले, सत्कार झाला, शाली कमी पडल्या म्हणून दोघांना एकाच शालीत उभे केले. त्या भरात किसनरावांनी माईक हातात घेतला आणि जाहीर केले की, इमारत उभी राहीपर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त दोन महिने, त्यांचे ऑफिस स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींना अभ्यासाला मोकळे आहे.

दोन महिन्यांचे आठ झाले. मोकळ्या जागेवर बेशरमाच्या झुडपांखेरीज काही उभे राहिले नाही. ऑफिसात अकरा मुले पुस्तकांत डोके घालून बसत आणि गुप्तहेर संस्था मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीशेजारी, एका प्लास्टिकच्या खुर्चीवर चालत असे. किसनरावांनी जरा आवाज चढवून एखादा निष्कर्ष काढला की आतून अकरा तोंडांनी "शू!" होई. संशयिताची उलटतपासणी कुजबुजत घ्यावी लागली तर संशयित गुन्हा कबूल करण्याऐवजी कुतूहलाने जवळ सरकतो, हा अनुभव त्यांनी त्या काळात घेतला.

त्या अकरांत प्रेमदासांची मेघा होती. राज्यसेवेचा अभ्यास करणारी, हुशार, आणि गेल्या खेपेला थोडक्यात हुकलेली. घरी दोन खोल्यांत सहा माणसे आणि एक टीव्ही. किसनरावांच्या टिनाखाली थंडीत बरे होते, पण एप्रिलनंतर वर्ध्याच्या उन्हात त्या खोलीचा तवा होई.

"किसनभाऊ," एका संध्याकाळी प्रेमदास टाकीशेजारी बसून म्हणाले, "उन्हाळ्याच्या आत काई झालं नाई तं पोरीले पुण्याले धाडा लागन. अन् पुण्याले धाडाचं तं घर इकाव लागन. मले काई सुचून नाई राह्यलं."

प्रेमदास "मंग?" सोडून एवढे बोलले, तेव्हाच किसनरावांना प्रकरणाचे गांभीर्य कळले. ते खुर्चीवरून उठले.

"वीस लाख मुंबईहून निघाले अन् सिंदी मेघेले पोचले नाई. म्हंजे मधात कोनंतरी उतरवले. ही केस मी घेतली."

आनंदाबाई, म्हणजे किसनरावांची बायको, तिथेच मिरच्यांचे देठ तोडत होत्या. त्या म्हणाल्या, "ऑफिसात जाऊन इचारून या ना."

"इचाराले तं कोनीबी जाईन," किसनराव म्हणाले. "गुप्तहेर इचारत नसते. शोधते."

आनंदाबाईंनी पुढच्या मिरचीचे देठ जरा जोरात तोडले.

तपास वरून सुरू करायचा, असे किसनरावांनी ठरवले. त्यांनी मेघाकडून राज्याच्या अर्थसंकल्पाचा सारांश मागवला आणि दोन दिवस भिंग घेऊन त्याच्यावर ओणवे झाले. वास्तविक अक्षरे मोठी होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी मेघा आणि प्रेमदास यांना टाकीपाशी बोलावले.

"चोर सापडला," ते कुजबुजले. "सरकारनं सोताच छापून ठेवलं हाय. हे पाय, 'महसुली तूट'. आता मी सारा जलम काट्यावर काढला. तूट आली का पयले काट्यावरचा मानूस धराचा. सरकारच्या काट्यावर कोन बसते, तेवढं सांग."

"काकाजी, ही कापसातली तूट नाई," मेघा म्हणाली. "कर, फी, केंद्राकडचा वाटा, असं वर्षभर जे येते ते सरकारची जमा. पगार, पेन्शन, व्याज, अनुदान, हा रोजचा खर्च. रोजचा खर्च जमेपेक्षा जास्त झाला का महसुली तूट. कोणी चोरलं नाई. खर्चच जास्त झाला."

"मंग वरचे पैसे आनले कुठून?"

"कर्ज काढून."

"म्हंजे आपल्या घरी झालं तसं," आनंदाबाई मधेच म्हणाल्या. "मांगं स्लॅब टाकाले सोसायटीचं कर्ज काढलं. ते ठीक, स्लॅब तं राह्यला. पन यायनं पत्रकं छापाले उधारी केली, त्याचं काय राह्यलं?"

"तेच ना काकू. स्लॅब तो भांडवली खर्च. त्याच्यासाठी कर्ज काढलं तं मागं काही तरी उभं राह्यते. रोजच्या खर्चासाठी काढलं तं नुसतं व्याज राह्यते."

पत्रकांचा विषय निघाल्यावर किसनरावांना त्या दिवशीची बैठक आटोपती घ्यावीशी वाटली.

दुसरा निष्कर्ष आठवड्याने आला. या वेळी ते राज्याची नाडी पाहायला बसले होते. राज्यावर किती लाख कोटींचे कर्ज आहे तो आकडा त्यांनी वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला आणि हात जोडले.

"प्रेमदास, रोगी काई वाचत नाई."

"मंग?" प्रेमदास घाबरून म्हणाले.

मेघाला बोलावणे गेले. ती बोट पुस्तकात ठेवूनच आली. "कर्ज एकटं पाहाचं नसते, काकाजी. कमाईच्या मानानं किती, अन् कमाईतला किती हिस्सा व्याजात जाते, ते पाहाचं. तुमच्या मालकाच्या जिनिंगवर कोटीचं कर्ज होतं. तुमच्यावर तवा हजाराचं होतं. झोप कोणाची उडाली होती?"

"माही."

"तं आजारी कोण?"

किसनराव थोडा वेळ आपल्याच प्रकृतीचा विचार करत बसले. मग त्यांचे डोळे चमकले. "व्याज! मले पयलेपासून त्याच्यावरच संशय होता. दर साली येते, गुपचूप येते, अन् पयला वाटा घेऊन जाते."

"राह्यते कुठी तो?" प्रेमदासांनी विचारले.

मेघाला हसू आले, पण जाता जाता ती थांबली. "काकाजी, एक ध्यानात ठेवा. तरतूद म्हणजे पैसा नाई, खर्चाची परवानगी. तीबी एकतीस मार्चपर्यंतच. तोवर काम मार्गी लागलं नाई तं निधी परत जाते. मी अन् बाबा एकदा बांधकामच्या ऑफिसात जाऊन येऊ का?"

"गरज नाई," किसनराव म्हणाले. "एकतीसच्या आत चोर तुह्या पुढं उभा करतो. तू अभ्यास कर."

मेघाने वडिलांकडे पाहिले. "भाऊनं केस घेतली हाय नं," प्रेमदास म्हणाले. त्यांचा किसनरावांवर पूर्ण विश्वास होता. इतका विश्वास जगात किसनरावांखेरीज कोणाचाच नव्हता. मेघा आत गेली आणि पुन्हा वाचायला बसली.

तिसरा निष्कर्ष किसनरावांना दाढी करताना सुचला आणि त्यामुळे अर्धी दाढी तशीच राहिली. अभ्यासिका झाली नाही याचा फायदा कोणाला? ज्याला ती मोकळी जागा हडपायची आहे त्याला! म्हणजे पैसा तिजोरीतच असणार. जागेवर डोळा ठेवणारा भामटा सापडला की केस संपली. आता जागेवर पाळत ठेवायची.

पाळतीसाठी वेषांतर हवे. किसनरावांनी डोक्याला दुपट्टा गुंडाळला, हातात काठी घेतली आणि जिजाबाईंची तीच बकरी उसनी आणली. मार्चच्या उन्हात गुप्तहेर बकरी चारत मोकळ्या जागेत बसू लागला. येणारे जाणारे "काय किसनराव, बकरी घेतली का?" असे विचारत, त्यावर ते ओळख न दाखवता मान फिरवत. त्यामुळे निवृत्तीनंतर किसनराव गर्विष्ठ झाले, अशी कुजबुज सुरू झाली.

आणि एका दुपारी भामटा आला. तिशीच्या आतला, पाठीवर बॅग, हातात नकाशाची गुंडाळी. इकडेतिकडे पाहत त्याने बॅगेतून मोजायचा टेप काढला. किसनरावांच्या अंगावर काटा आला. जमीन मोजून घेतो आहे! दिवसाढवळ्या!

"ओ काका," भामट्याने हाक मारली, "माझा माणूस आज आला नाही. जरा टेपचं टोक धरता का? त्या तिकडे, हद्दीच्या दगडापाशी."

टेप घेऊन आलेल्या माणसाने जवळ उभ्या असलेल्या कोणालाही दुसरे टोक धरायला लावायचे आणि त्यानेही कामधंदा सोडून ते धरायचे, ही आपल्याकडची रीत आहे. किसनराव उठले. पण दगडाकडे जाता जाता त्यांच्या बुद्धीने झेप घेतली. दगड बेशरमाच्या झुडपांमागे होता, भामट्याला दिसत नव्हता. किसनराव दगडापर्यंत गेलेच नाहीत. झुडपांतच, दगडाच्या चांगले सहा फूट आत, ते खाली बसले आणि टोक जमिनीला टेकवले.

"दगडावरच आहे ना, काका?"

"अगदी दगडावर!"

भामट्याने माप पाहिले, नकाशा पाहिला, पुन्हा माप पाहिले. डोके खाजवले. "अरेच्चा! भरत नाही," असे काहीसे पुटपुटला. किसनराव झुडपाआड गालातल्या गालात हसले. चोराचा हिशेब त्यांनी पार कोलमडवून टाकला होता. तरुणाने टेप गुंडाळला, बकरीला खिशातले एक बिस्किट दिले आणि काकांना थँक्यू म्हटले. एवढ्या गोड बोलण्यावरून तो अट्टल असल्याचे किसनरावांनी ताडले.

तो पुन्हा फिरकला नाही. मार्च संपला. वीस लाख आले नाहीत, पण जागा वाचली होती, आणि एवढ्या मोठ्या विजयाचे रहस्य उलगडून सांगण्यासाठी थोर गुप्तहेर जे करतात तेच किसनरावांनी केले. एप्रिलच्या एका संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना ऑफिसात जमवले. टिन अजून दिवसभराचे ऊन सोडत होते. मुले वहीने वारा घेत होती. आनंदाबाई दारात उभ्या होत्या. मेघा दुपारपासून कुठे गेली होती ते कोणाला माहीत नव्हते, म्हणून थोडा वेळ वाट पाहून किसनरावांनी सुरुवात केली.

"या केसमधी तीन आरोपी होते. पयला तूट. तिचा काई गुन्हा नाई, ती खर्चिक हाय, पन चोर नाई. दुसरा व्याज..."

"तो राह्यते कुठी ते कळलं का?" प्रेमदासांनी विचारले.

"...व्याज सुटला. तिसरा खरा भामटा. त्याचं तोंड मी या डोयानं पाह्यलं. जागा मोजत होता! मी कसा त्याचा डाव हाणून पाडला, ते आता..."

शटरपाशी स्कूटी थांबली. मेघा आत आली आणि तिच्यामागे पाठीवर बॅग घेतलेला एक तरुण.

"हाच तो!" किसनराव ओरडले. पहिल्यांदाच कोणी "शू" केले नाही.

"अरे, बकरीवाले काका!" तरुणाचा चेहरा फुलला. "तुम्ही इथे कसे?"

मेघाने दोघांकडे आळीपाळीने पाहिले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असे ती बोलली. "हे रजत सर. बांधकाम विभागात ज्युनिअर इंजिनिअर आहेत. मी आज ऑफिसात जाऊन विचारलं. पाच मिनिटांत सांगतलं त्यायनं."

सांगण्यासारखे फारसे नव्हतेच. निधी कोणी चोरला नव्हता. तो जिल्ह्यापर्यंत आला होता आणि फेब्रुवारीपासून नुसता जागेच्या मोजणीची वाट पाहत होता. मार्चमध्ये रजत मोजायला आला. नकाशात जागा पुरेशी होती, पण प्रत्यक्षात सहा फूट कमी भरली. त्याने अहवालात लिहिले की अतिक्रमण दिसते, जागा अपुरी आहे. एकतीस मार्च उजाडला आणि वीस लाख आले तसे परत गेले.

"पण सहा फूट कमी आलेच कसे, तेच कळत नाही," रजत म्हणाला. "काका, तुम्ही टोक दगडावरच धरलं होतं ना?"

किसनरावांनी सगळ्या पळवाटा शोधून पाहिल्या. त्यांची ती प्रसिद्ध नजर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरून आली आणि प्रेमदासांवर थांबली. प्रेमदासांना अजून कळले नव्हते. ते "मंग?" म्हणण्याच्या तयारीत होते.

"नाई," किसनराव म्हणाले. "सहा फूट आत धरलं होतं. जानून धरलं होतं."

प्रेमदासांनी "मंग?" म्हटले नाही. ते उठले, चपला घातल्या आणि घरी गेले. किसनराव तिथेच पुस्तकांच्या ढिगावर बसले. आयुष्यभर त्यांनी कधी काटा मारला नव्हता, आणि मारला तो नेमका मेघाच्या मापात. त्यांना इतकी लाज आधी कधी वाटली नव्हती. आनंदाबाई "इचारून या" हे दोन शब्द पुन्हा म्हणू शकल्या असत्या, पण त्या म्हणाल्या नाहीत आणि त्यामुळे तर किसनरावांना जास्तच लागले.

"आता?" त्यांनी विचारले.

रजतने खरे ते सांगितले. पुन्हा मोजून नवा अहवाल पाठवता येईल. पावसाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात, त्यात नाव लागले तर पैसा पुन्हा मिळेल. पण खात्री नाही. "जमा कमी पडली की पगार थांबवता येत नाहीत, पेन्शन नाही, व्याज तर नाहीच. मग पहिली कात्री नव्या बांधकामांवर चालते."

दुसऱ्या दिवशी किसनरावांनी झोपायच्या खोलीतला कूलर स्वतः ओढत ऑफिसात आणून लावला. तेव्हापासून ते आणि आनंदाबाई गच्चीवर झोपू लागले. रोज सकाळी ते पेपरातली राज्याच्या तिजोरीची बातमी आधी वाचत आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात नातेवाईक विचारतात तसे मेघाला दबक्या आवाजात विचारत, "आज जीएसटी कसा हाय?" मेघा कधी "बरा आहे" म्हणे, कधी नुसतीच मान हलवे. राज्याच्या प्रकृतीची एवढी काळजी किसनरावांच्या गल्लीत याआधी कोणीच केली नव्हती. प्रेमदास मात्र टाकीकडे फिरकत नव्हते.

फेरमोजणीला अख्खे लेआउट लोटले. बेशरमाची झुडपे किसनरावांनी आदल्या दिवशी एकट्याने कापून काढली होती, त्यामुळे दगड आता पार रस्त्यावरून दिसत होता. रजतने टेप उलगडला आणि टोक कोणाला द्यावे म्हणून आजूबाजूला पाहिले. पाच-सहा हात पुढे आले. किसनराव लोकांच्या मागे, जिजाबाईंच्या बकरीजवळ उभे होते.

"यायच्याकडं द्या," प्रेमदास म्हणाले.

किसनरावांनी टोक घेतले. दगडापाशी उकिडवे बसले आणि दोन्ही हातांनी ते दगडावर दाबून धरले. एक इंच कमी पडू नये म्हणून त्यांचा एक पाय दगडाच्या पलीकडच्या नालीत होता. नालीत पाणी होते. प्रेमदास शेजारी येऊन उभे राहिले आणि टेपवर पाय ठेवला.

"धरा, किसनभाऊ. हलवू नका. मी पाहून राह्यलो."

"मंग?" किसनरावांनी हळूच विचारले.

प्रेमदासांना हसू आवरले नाही. पलीकडून रजत ओरडला, "पूर्ण भरली!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाय नालीतून काढावा हेही किसनरावांच्या लक्षात आले नाही.

पैसा यायचा की नाही, ते पावसाळ्यात कळेल. पण त्या संध्याकाळी किसनराव रंगाचा डबा आणि शिडी घेऊन ऑफिसाच्या पाटीपाशी गेले. आतली मुले वाचत होती म्हणून शिडी त्यांनी आवाज न करता टेकवली. 'हरवलेले सर्व मिळेल' या ओळीखाली जागा होती. तिथे त्यांनी स्वतःच्या हाताने, जरा वाकड्या अक्षरांत लिहिले : 'हरवणारा मागच्या अंगणात भेटेल.'